सुईची परीक्षा

गुंड्या गुरुवारी संध्याकाळी येणार होता आणि शुक्रवारी सकाळी नऊची डोळ्यांच्या रुग्णालयातली वेळ मी त्याला न विचारताच घेऊन ठेवली होती. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. मला नाही ऐकून घ्यायची सवय नाही, हे आमच्या गल्लीत कुणीही सांगेल.

गुंड्या म्हणजे आमचा एकुलता एक मुलगा. तीन वर्षांचा असताना त्यानं दुकानातली एक गुंडी गिळली. दोन दिवस आम्ही सगळे ती बाहेर पडायची वाट बघत बसलो आणि तेव्हापासून हे नाव चिकटलं. आता तो त्रेचाळीस वर्षांचा आहे, लांब पल्ल्याची बस चालवतो, त्याला दोन मुली आहेत. तरी मी बसस्थानकावर ‘गुंड्या’ म्हणून हाक मारली की सोबतचे ड्रायव्हर तोंड फिरवून हसतात.

त्याच्या बाबांना काचबिंदू आहे. डावा डोळा गेला, उजव्यात मध्यभागी थोडंसं उरलंय. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की हा आजार घराण्यात उतरू शकतो, चाळिशी ओलांडलेल्या मुलानं तपासून घ्यायलाच हवं. त्याला चौदा महिने झाले. चौदा महिने मी फोनवर घोकतेय आणि चौदा महिने तो म्हणतोय, "आई, मला झकास दिसतं."

झकास दिसतं म्हणूनच तर मला भीती. पण ती भीती त्याला समजावून सांगायची तर एक गोष्ट कबूल करावी लागणार होती, आणि ती मी कुणालाच सांगितली नव्हती. यांनासुद्धा नाही.

हे रफूगार. रफूगार होते, असं म्हणायला हवं, पण माझी जीभ अजून तशी वळत नाही. घराची पुढची खोली म्हणजेच आमचं दुकान. खिडकीपाशी यांची खुर्ची, पुढ्यात कापड ताणून धरायची लाकडी चौकट, आणि दाराशी माझं टेबल. गिऱ्हाईक मी बघायचे. कपडा ताब्यात घ्यायचा, भोकं मोजायची, चिठ्ठी टाचायची, आणि बोलायचं. बोलण्याचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे. यांना दिवसाला वीस शब्द पुरायचे, त्यातले पाच चहा मागण्यात जायचे.

रफू म्हणजे ठिगळ नव्हे. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून दोरे काढून घ्यायचे, भोकाच्या चारी बाजूंची वीण नीट बघायची आणि तशीच उभे-आडवे धागे घालून भोक भरत आणायचं. रफू चांगला झाला तर भोक कुठं होतं ते मालकालासुद्धा सापडत नाही. यांचा रफू तसा असायचा. माझ्या नवऱ्याचं कौतुक मी सहसा करत नाही, त्यामुळे हे खरं समजा.

आणि आमच्या या धंद्यात डोळ्यांची परीक्षा एकच, सुईची. सकाळी दुकान उघडलं की हे दिवसभराच्या सुया ओवून सुयांच्या छोट्या गादीला टोचून ठेवायचे. केसासारखा दोरा, बारीकातली बारीक सुई, चष्मा न लावता सात सुया. यांचे वडीलही तेच करायचे. ज्या दिवशी सुई ओवेना त्या दिवशी त्यांनी चौकट मुलाच्या हाती दिली आणि पुढची सात वर्षं भिंत चाचपत काढली. म्हातारपणी डोळे जायचेच, असं सगळे म्हणाले. कशानं गेले हे कुणी विचारलं नाही. जोवर सुई ओवते तोवर डोळे ठणठणीत, एवढाच धडा आम्ही त्यातून घेतला.

तर या सात सुया ओवणारा माणूस घरात मात्र दिसेल त्या वस्तूला लाथ मारत फिरायला लागला. पाण्याचा पेला सांडला नाही असं जेवण व्हायचं नाही. ताटातली डाव्या बाजूची भाजी तशीच राहायची. मी डावीकडून चहाचा कप पुढे केला तरी हे ढिम्म, मग मी कप टेबलावर आपटायचे. उतरताना शेवटची पायरी चुकायची. माझ्या जिभेला हाड नाही. वेंधळे म्हटलं, धांदरट म्हटलं. एकदा पाहुण्यांसमोर म्हटलं की यांना रफूचं भोक दिसतं पण दारातली बादली दिसत नाही. सगळे हसले. हेही हसले आणि ओला पायजमा बदलायला आत गेले.

माझा थोरला भाऊ एकदा रस्त्यात समोरून आला. त्यानं हात वर केला, हे शेजारून निघून गेले. माझ्या भावाच्या नाकावर राग. त्यानं आमच्याकडे येणं सोडलं. मी यांना विचारलं, तर म्हणाले, "मला कुणी भेटलंच नाही." मला वाटलं, खोटं बोलतायत. भावाशी भांडण मिटवायला गेले नाही, कारण चूक यांची होती आणि माफी यांनी मागायला हवी होती. भाऊ गेला तेव्हाही आमचं बोलणं बंदच होतं. 

मग वकिलाचा कोट आला. काळा, लोकरीचा, पाठीवर कसरीनं खाल्लेला. भोकं मी मोजून चिठ्ठीवर लिहिली होती, तीन. चार दिवसांनी वकीलसाहेब कोट न्यायला आले, तो उजेडात धरला आणि म्हणाले, "दोनच केलेत."

"तीन केलेत," मी म्हणाले. "आमचा रफू दिसत नसतो, साहेब. तीच तर खुबी आहे."

"बाई, दिसत नाही ते मला कळतंय. पण हे दिसतंय ना."

खुर्चीतून हे म्हणाले, "कोटाला दोनच भोकं होती. मी सगळी पाठ तपासली."

झालं. माझ्या नवऱ्याला कुणी खोटं पाडावं हे मला सहन होत नाही, ते काम माझं आहे. वकिलाशी वाद घालायला बसणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, तरी माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. घरी नेऊन भोक पाडून आणलंत, इथपर्यंत माझी मजल गेली. कोट त्यांनी घरी नेलेलाच नव्हता, हे माझ्या ध्यानात आलं नाही. वकीलसाहेब शांत होते. त्यांनी कोट टेबलावर पसरला आणि आतून बोट घातलं. दोन सुंदर रफूंच्या शेजारी, चार बोटांवर, त्यांचं बोट बाहेर आलं. यांना दाखवलं. हे डोळे बारीक करून बघत राहिले. बोट त्यांना दिसत नव्हतं. साहेबांनी बोटासकट कोट थोडा उजवीकडे सरकवला तेव्हा हे एकदम दचकले, म्हणाले, "हे कुठून आलं?"

वकीलसाहेबांचा आवाज बदलला. त्यांनी कोट घडी करून ठेवला आणि मला दारापर्यंत बोलावून हळूच म्हणाले, "यांना उद्याच्या उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. माझ्या आईचं असंच झालं होतं."

रुग्णालयात यांना एका वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं. आत कुठं ठिपका लुकलुकला की बटण दाबायचं. मी बाहेर बाकावर बसून बटणाचा आवाज ऐकत होते. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक. मला वाटलं, या माणसाला झोप लागली की काय.

डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला. पांढरं ते दिसतं, काळं ते दिसत नाही. डाव्या डोळ्याचा कागद शाईची दौत सांडावी तसा काळा होता. उजव्याच्या मध्यभागी एक पांढरा डाग. त्या म्हणाल्या, डोळ्यातला दाब वाढला की मागची नस हळूहळू मरते, कडेपासून आत. दुखत नाही, लाल होत नाही. बारीक बघायची नजर शेवटपर्यंत टिकते, म्हणून सुई ओवता येते. गेलेलं परत येत नाही. राहिलंय ते थेंबांनी राखायचं.

हे म्हणाले, "पण मला काळं काहीच दिसत नाही, बाई. सगळं अखंड दिसतं."

"भोक काळं नसतंच, काका. आजूबाजूला जे दिसतं ते बघून मेंदू मधली जागा भरून टाकतो. भिंत असेल तर भिंत, कापड असेल तर कापड."

यांनी कागदावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे रफू."

"रफूच म्हणा."

"चांगला करतो," हे म्हणाले. "मालकालासुद्धा पत्ता लागला नाही."

डॉक्टरीणबाई हसल्या. मी हसले नाही, कारण त्यांचा पुढचा प्रश्न काय असणार ते मला कळलं होतं. त्यांनी विचारलं, "यापूर्वी कुणी काही सांगितलं नव्हतं का? चष्म्याच्या दुकानात, कुठं? दोन वर्षं आधी आला असतात तर बरंच वाचवता आलं असतं."

मी म्हणाले, "नाही."

सांगितलं होतं. कोटाच्या आधी दोन वर्षं दोन महिने, आम्ही यांचा लांबचं बघायचा चष्मा बदलायला गेलो होतो. चष्मेवाल्याकडे नवीन यंत्र आलं होतं, डोळ्यात फुंकर मारणारं. फुंकर मारली की हे प्रत्येक वेळी मान मागे घ्यायचे आणि मला हसू यायचं. चष्मेवाला मात्र हसत नव्हता. हे आरशात चष्म्याच्या चौकटी लावून बघत असताना त्यानं माझ्या हातात चिठ्ठी दिली. दोन्ही डोळ्यांत दाब जास्त, काचबिंदूची शंका, महिन्याच्या आत डोळ्यांच्या रुग्णालयात दाखवावे.

मी मनात म्हटलं, एका फुंकरीवरून या पोरसवदा माणसानं सुतावरून स्वर्ग गाठला. घरी आल्यावर यांना म्हटलं, जरा सात सुया ओवून द्या बघू. यांनी का म्हणून विचारलंही नाही. खिडकीत उभे राहून ओवल्या. एकही दोरा दुसऱ्यांदा ओला करावा लागला नाही. झाली माझी खात्री. तरी मनात पाल चुकचुकली होती, ते मी नाकारत नाही. पण काचबिंदू म्हणजे मोतीबिंदूचाच भाऊ, पिकला की काढून टाकतात, असं मला वाटत होतं. आणि आपल्या वडिलांसारखे आपले डोळे जातील ही एकच भीती या माणसाला आयुष्यभर होती. ती चिठ्ठी दाखवली तर यांची झोप उडेल, हात थरथरेल, म्हणून मी ती पोटात ठेवली. म्हणजे उरलेल्या दोऱ्यांच्या डब्यात ठेवली. आम्ही दोन इंचांचा दोराही फेकत नाही, मग चिठ्ठी कशी फेकणार?

तर असं आहे. वेंधळे यांना म्हणत होते मी.

आता आमचं घर वेगळं झालंय. रुग्णालयातल्या एक सिस्टर मला चार गोष्टी शिकवून गेल्या. दार एक तर सताड उघडं नाही तर पूर्ण बंद, अर्धवट दारावर कपाळ फुटतं. खुर्ची सरकवली की परत जागेवर. पांढरा कप पांढऱ्या टेबलावर ठेवायचा नाही, खाली गडद फडकं हवं. प्रत्येक पायरीच्या कडेला मी पिवळ्या कापडाची पट्टी डकवलीय. खोलीत आले की मी आले असं सांगायचं, नाही तर हे दचकतात. बाहेर जाताना यांचा दंड धरून ओढायचं नाही, आपलं कोपर पुढे करायचं, मग हे धरतात. पहिल्या दिवशी मी ओढतच नेलं होतं. हे म्हणाले, "अगं, मी पोतं आहे का?"

सकाळी आठ आणि रात्री आठ, थेंब. खालची पापणी ओढायची, एकच थेंब, मग नाकाच्या कडेला डोळ्याचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून धरायचा. पाच मिनिटांनी दुसऱ्या बाटलीतला. चौदा महिन्यांत मी एक वेळ चुकवलेली नाही. लोक म्हणतात, काय सेवा करते. मी त्यांना काही सांगत नाही.

दुकान बंदच आहे. खरं सांगायचं तर हे आजही सुई ओवतात. सुई हातात दिली, ती त्या उरलेल्या डागात आणली की दोरा पहिल्या फटक्यात आत. पण मग कापडावर भोक सापडत नाही. भोक सापडलं तर शेजारी ठेवलेली सुई सापडत नाही. सकाळी सात सुया ओवून हे गादीला टोचून ठेवतात आणि चौकटीवर हात ठेवून बसून राहतात.

गुरुवारी गुंड्या सहाला आला. दारातून ओरडला, "बाबा, मी आलोय, गुंड्या." हे मीच त्याला शिकवलं होतं. यांच्या चेहऱ्यावर उजेड आला. गुंड्यानं चहा घेतला, मुलींचे फोटो यांच्या नजरेसमोर अगदी बरोबर धरून दाखवले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "गाडीला परत ओरखडा आला, आई. डाव्या बाजूला. डेपोत म्हणतात, ड्रायव्हर म्हातारा झाला."

"परत म्हणजे?"

"म्हणजे मार्चमध्ये एक आला होता. त्या खांबाची जागाच चुकीची आहे."

 मी हातातली बशी खाली ठेवली आणि सांगून टाकलं, "उद्या सकाळी नऊ वाजता तुझे डोळे तपासायचेत. वेळ घेतलीय."

तो चिडला. आमच्यात चिडणं माझ्याकडून आलंय, त्यामुळे मला ते ओळखीचं होतं. म्हणाला, एकदा कागदावर काही उमटलं की गाडीवरून उतरवतील, मग मुलींच्या शाळा कोण बघणार? म्हणाला, दरवर्षी डेपोत अक्षरं वाचून दाखवतो, शेवटची ओळसुद्धा. म्हणाला, तू उगाच वाघ मागं लागल्यासारखं करतेस.

"अक्षरं वाचता येतातच," खुर्चीतून हे म्हणाले. "मलाही येतात."

"बाबा, तुमचं वय काय, माझं काय." आणि तो उठला, खिडकीपाशी गेला, गादीतली एक सुई उपसली. यांनी सकाळी ओवलेला दोरा ओढून काढला, टोक ओठांत ओलं केलं आणि बल्बकडे तोंड करून उभा राहिला. उभं राहायची तीच ढब, मान तशीच किंचित डावीकडे. खाण तशी माती. दोरा एका झटक्यात आत गेला.

"बघ," तो हसत म्हणाला. "झाली परीक्षा?"

 यांना तो दिसत नव्हता. पण दोरा सुईतून सरकल्याचं यांना कळलं असावं, कारण यांचे ओठ थोडे हलले.

 मी आत गेले, दोऱ्यांचा डबा आणला, तळाशी हात घालून चिठ्ठी काढली आणि गुंड्याच्या हातात दिली.

"मोठ्यानं वाच," मी म्हणाले. "तारखेपासून."

त्यानं तारीख वाचली. पुढचं वाचलं. महिन्याच्या आत, इथे तो अडखळला. त्यानं तारीख परत बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"ही बाबांची आहे?"

"हो. चष्मेवाल्यानं माझ्याकडे दिली होती. त्या दिवशी मी यांना सात सुया ओवायला लावल्या. यांनी सातही ओवल्या, आत्ता तू ओवलीस ना, तशाच. मग मी ही डब्यात टाकली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. यांचे डोळे मी घालवलेत, गुंड्या. आता तुझे मी जाऊ देणार नाही. उद्या तू येतोयस."

गुंड्यानं चिठ्ठी टेबलावर ठेवली. सुई अजून त्याच्या दुसऱ्या हातात होती, दोरा लोंबत होता. माझी नजर यांच्याकडे जाईना. रस्त्यावरून कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग यांचा आवाज आला, पण तो माझ्यासाठी नव्हता.

"गुंड्या, नऊला पोचायचं तर आठ वीसला निघावं लागेल. मीही येतो."

"बरं, बाबा," गुंड्या म्हणाला.

आठ वाजले. मी दोन्ही बाटल्या घेऊन यांच्यासमोर उभी राहिले आणि नेहमीसारखं म्हणाले, "मी आले. थेंब."

यांनी हात पुढे केला. "दे. मी घालतो."

चौदा महिन्यांत यांनी बाटली हातात घेतली नव्हती. मी दिली. यांनी मान मागे टाकली, बाटली वर नेली, दाबली. थेंब भुवईवर पडला. दुसरा गालावर पडून हनुवटीपर्यंत गेला. तिसरा बहुधा डोळ्यात गेला, मला नीट दिसलं नाही. गुंड्या पुढे होऊ लागला तसा मी त्याला मनगटाला धरून थांबवलं. यांनी डोळ्याचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरला, मोजून, मी शिकवलं होतं तसा. मग दुसऱ्या बाटलीसाठी पाच मिनिटं थांबले.  त्या रात्री हे भिंतीकडे तोंड करून झोपले. सकाळी आठचे थेंबही स्वतःच घातले.

शुक्रवारी रुग्णालयात गुंड्याचं तोंड त्या वाडग्यात होतं आणि आम्ही दोघं बाहेर बाकावर. आमच्या मधे एका माणसाची जागा होती. मी आवाज ऐकत होते. टक, टक, टक. हेही ऐकत होते, मान खाली घालून. मग एका ठिकाणी आवाज थांबला. यांचा हात बाकावर घट्ट झाला. एक, दोन, तीन, मी मनात मोजलं. मग परत टक, टक.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डाव्या डोळ्यात सुरुवात झालीय. वरच्या कोपऱ्यात थोडं गेलंय, ते येणार नाही. उजवा चांगला आहे. ओरखडे यामुळेच आले असं छातीठोक सांगता येणार नाही. दोन्ही डोळे मिळून सध्या पुरेसं दिसतंय, गाडी चालवता येईल, पण कामावर कळवायचं, दर काही महिन्यांनी तपासायचं आणि थेंब कधीच सोडायचे नाहीत.

"वेळेत आलात," त्या गुंड्याला म्हणाल्या. "तुमच्या वयात लोक येत नाहीत. कुणी पाठवलं?"

गुंड्यानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या तोंडातून शब्द फुटण्याआधी हे म्हणाले, "त्याच्या आईनं."

मी खाली बघितलं. डॉक्टरीणबाईंशी मी त्या दिवशी खोटं बोलले होते, तेही सांगून टाकलं.  त्यांनी यांच्या कागदांवर एक ओळ लिहिली, तारीख टाकली. मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

परत येताना मी कोपर पुढे केलं. हे गुंड्याचं कोपर धरून चालले. मी मागून चालत होते. गुंड्या पायरी आली की सांगत होता, दार आलं की सांगत होता. चांगला शिकलाय.

दुपारच्या गाडीनं तो गेला. जाताना त्याच्या खिशात त्याची बाटली होती आणि त्याच्या फोनमध्ये आठचा गजर मी लावून दिला होता. घरात आम्ही दोघं उरलो. मी टेबलाशी बसले, हे खिडकीशी. संध्याकाळी मी चहा केला, गडद फडक्यावर कप ठेवला, उजवीकडे ठेवला म्हणून सांगितलं. हे प्यायले. त्या दिवशी हे माझ्याशी एकूण एकच शब्द बोलले होते, "हं."

आठ वाजले. मी बाटल्या आणल्या, म्हणाले, "मी आले," आणि यांच्या पुढे केलेल्या हाताची वाट बघत उभी राहिले.

हात आला. बाटली घेतली. थेंब भुवईवर पडला. यांनी तो पालथ्या हातानं पुसला, परत मान मागे टाकली, परत बाटली दाबली. गालावर पडला. या हातानं चाळीस वर्षं केसाएवढे दोरे ओवले होते. यांनी बाटली खाली घेतली. बराच वेळ ती तशीच मुठीत धरून बसले.

मग बाटली माझ्या बाजूला पुढे केली. मी होते त्याच्या थोडी डावीकडे, मोकळ्या हवेत. मी सरकून तिथे गेले आणि ती घेतली.

हे मान मागे टाकून, डोळे उघडे ठेवून थांबले होते.

"घाल," हे म्हणाले. "अजून सुई दिसते मला."